खडूचा ठिपका

टपाल कचेरीच्या मोठ्या दालनात आलेला माणूस सहसा वर बघत नसे. खालीच त्याला कामं पुष्कळ असत: तिकीट चिकटवायचं, पाकीट तोलून घ्यायचं, रांग मोडणाऱ्याला दोन शब्द सुनवायचे. डोक्यावर काजळीच्या थराखाली एक अख्खं रंगवलेलं आकाश पडून आहे, याचा सगळ्यांना विसर पडला होता. मग एका सकाळी त्या आकाशाचा पसाभर तुकडा सुटून पार्सलच्या खिडकीत, नेमका वजनकाट्यावर पडला. कारकुनाने तो सवयीने आधी तोलला आणि मग वर पाहिलं. त्यानंतर मात्र भराभर चक्रं फिरली. अर्धं दालन पडद्याने बंद करून तिथे परांची उभी राहिली, उरलेल्या अर्ध्यात कचेरी चालूच राहिली, आणि जुनी रंगीत छतं दुरुस्त करण्यात हयात घालवलेले मामा आपली ब्रशांची पेटी आणि आपली भाची घेऊन हजर झाले.

ती त्यांच्या सख्ख्या बहिणीची मुलगी. पहिल्या दिवशी मामांनी पोस्टमास्तरांना "ही माझी भाची" एवढंच सांगितलं, आणि तेव्हापासून पोस्टमास्तरांपासून वॉचमनपर्यंत सगळी कचेरी तिला भाचीच म्हणू लागली. चाळिशी ओलांडलेल्या बाईला पन्नास माणसांनी भाची म्हणून हाक मारावी याची तिला आधी गंमत वाटली. नंतर ते थोडं टोचायला लागलं. मामांच्या हाताखाली तिची निम्मी हयात गेली होती, पण छत पुरं झालं की दाराशी जी पितळी पाटी लागायची तिच्यावर नाव एकट्या मामांचं असायचं. मामांना ते कधी सुचलं नव्हतं आणि तिने कधी तोंड उघडलं नव्हतं.

छत मोठं देखणं होतं. मधोमध निळं आकाश, कडेने पानांची वेल, आणि चार कोपऱ्यांत पत्र हाती घेतलेली चार माणसं: एक म्हातारा, एक सैनिक, एक लेकुरवाळी आणि एक मुलगी. तिघं पत्र वाचण्यात गढलेली. मुलीने मात्र आपलं पत्र अजून उघडलेलंच नव्हतं. ते छातीशी धरून ती खाली रांगेकडे बघत होती. काजळी निघाली आणि तिचे डोळे दिसू लागले, तेव्हा वॉचमनने खालची आपली खुर्ची उचलून दुसरीकडे ठेवली. "टक लावून बघते हो ती," तो ओशाळून म्हणाला.

छत आतून कढईसारखं वळलेलं असल्यामुळे त्याला आणखी एक खोड होती. खाली खिडकीशी कुणी हळू आवाजात बोललं तरी ते वर परांचीवर कानाशी बोलल्यासारखं ऐकू येई. वरचं बोलणं मात्र खाली जात नसे. कुणाचं लग्न मोडलं, कुणाच्या बदलीसाठी कोण खटपट करतंय, सगळं मामा-भाचीला बसल्या जागी कळायचं. मामा हसून म्हणायचे, "खाली काय बोलायचं ते जपून बोल बाई. इथे छताला कान आहेत."

मामांची शिकवायची एक तऱ्हा होती. ते रागावत नसत. भाचीचं काही चुकलं, रेघ लांबली, रंग गडद बसला, तर ते खिशातला पांढरा खडू काढून त्या जागेशेजारी तांदळाएवढा ठिपका ठेवत आणि आपल्या कामाला लागत. काय चुकलं ते तिने शोधायचं, दुरुस्त करायचं आणि मग ठिपका पुसायचा. "ज्याची चूक, त्याने पुसायचा. आणि आधी दुरुस्ती, मग पुसणं," एवढाच नियम. घरीसुद्धा हाच खाक्या. कपाटाचं दार नीट लागत नसेल तर दारावर ठिपका, भाजी खारट झाली तर पातेल्याच्या झाकणावर ठिपका. एकदा मामीचा वाढदिवस विसरले, तर स्वतःच्याच नाकाच्या शेंड्यावर ठिपका काढून संध्याकाळभर गुपचूप बसून राहिले. शेवटी मामीला हसू फुटलं. पुसायला गेली तर म्हणाले, "तू नाही. माझा मीच."

काम नीट चाललं होतं. बिघडलं ते त्या मुलीच्या चेहऱ्यापाशी.

काजळी काढायची दोन द्रावणं दोन वाट्यांत असत. आकाशाच्या निळ्या रंगासाठी तेज द्रावण, चेहऱ्यांसाठी सौम्य. चेहऱ्याचा रंग नाजूक, तेज द्रावणाने मूळ रंगच सुटून येतो, हे या कामात पहिल्या दिवशी शिकवतात. तपासणी उद्यावर आली होती. मामा पलीकडच्या कोपऱ्यात सैनिकाच्या बुटांवर वाकले होते. चित्रातल्या मुलीच्या डाव्या डोळ्यावर अजून थोडी काजळी होती, आणि भाचीजवळची सौम्य द्रावणाची वाटी संपली होती. नवीन आणायची तर खाली उतरून, कुलूप उघडून, मोजून मिसळून आणायची. एवढ्याशा डोळ्यासाठी कोण उतरणार? तिने कापसाचा बोळा आकाशाच्या वाटीत बुडवला, हलकेच टेकवला आणि उचलला.

डोळा बोळ्यावर आला.

काळसर तपकिरी, ओला. छतावर उरला नुसता गिलावा. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि बोळा एप्रनच्या खिशात टाकला. फेकून द्यायला हात धजेना. शेवटी तो खरा रंग होता, पुन्हा मिळणार नव्हता. मग तिने तो ब्रशांच्या एका रिकाम्या डबीत ठेवला. तो डोळा परत रंगवणंही शक्य नव्हतं. गेलेल्या जागा बारीक उभ्या रेघांनी भरायच्या, म्हणजे खालून चित्र सलग दिसतं आणि जवळून नवं ते नवं कळतं. पण डोळा नव्याने कधी रंगवायचा नाही. नजर उसनी आणता येत नाही, असं मामा म्हणत.

सकाळी ती वर चढली तर मुलीच्या गालावर, त्या पांढऱ्या जागेशेजारी, खडूचा ठिपका होता. मामा आधीच येऊन गेले होते. आता ते पलीकडे पाठमोरे बसून ब्रश पुसत होते. खालून तपासनीस बाईंचा आवाज आला, त्या शिडी चढू लागल्या, आणि भाचीने अंगठ्याने ठिपका पुसून टाकला.

दुरुस्तीच्या आधी पुसलेला तो तिचा पहिला ठिपका.

तपासनीस बाई बोलायला कमी आणि बघायला कडक. त्यांनी भिंगातून ती जागा बराच वेळ पाहिली, मग भाचीला घेऊन खाली उतरल्या आणि तिकिटांच्या खिडकीपाशी थांबल्या.

"त्या चेहऱ्यावर कोण काम करत होतं?"

भाचीला आपला आवाज दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा ऐकू आला. "मामा होते तिथे."

"तेज द्रावण वापरलंय. इतका मुरलेला माणूस वाटी चुकतो? नजर कशी आहे त्यांची?"

इथे गप्प राहिली असती तरी चाललं असतं. पण ती म्हणाली, "हल्ली वाट्या ओळखताना जरा गोंधळतात."

बोलून झाल्यावर तिला आठवलं की आपण कुठे उभ्या आहोत. तिने वर पाहिलं. परांचीच्या फळ्यांमधून मामांची पाठ दिसत होती. ब्रश पुसणारा हात थांबला होता. थोड्या वेळाने तो पुन्हा हलू लागला.

मामांना सन्मानाने विश्रांती दिली गेली. "वयाचा विचार करून," असं बाई फार सौजन्याने म्हणाल्या. मामा "बरं" म्हणाले. पेटी त्यांनी भाचीच्या हाती दिली, "तुझ्याकडेच राहू दे," आणि खडू तेवढा खिशात घालून घरी नेला. तिला वाटलं होतं ते काहीतरी विचारतील. विचारलं असतं तर सांगून मोकळी झाली असती, अशी ती पुढे कित्येक दिवस स्वतःची समजूत घालत होती.

मग पहिला ठिपका दिसला.

वेलीच्या एका पानाशेजारी, तांदळाएवढा, पांढरा. तिने निरखून पाहिलं. पानाचं टोक रंगवताना तिची रेघ जुन्या रंगावर चढली होती. बारीकशीच चूक, पण चूक खरी. परांचीवर खडू नव्हता. शिडीच्या दाराला कुलूप होतं आणि किल्ली तिच्याच गळ्यात.

"वर कोण चढलं होतं?" तिने वॉचमनला विचारलं.

"कोण चढणार, भाचीबाई? तुम्ही काल कुलूप लावलंत तेव्हा मी इथेच होतो. मला तर फुकट दिलं तरी मी चढायचा नाही." त्याने वर पाहायचं टाळलं. "तिला एक डोळा आहे तेच पुष्कळ आहे."

तिने पान दुरुस्त केलं आणि ठिपका पुसला. दुसऱ्या सकाळी नवा ठिपका, ढगाच्या कडेला. मग म्हाताऱ्याच्या बाहीशी. प्रत्येक ठिकाणी शोधलं की चूक सापडे, आणि दुरुस्त केलं की ठिपका मुकाट पुसला जाई. आधी ती वर चढायला कचरत असे. पण माणूस कशालाही सरावतो. हळूहळू ती सकाळी वर चढली की ठिपकेच शोधू लागली. काम असं उतरत होतं की तपासनीस बाईंच्या कपाळाच्या आठ्या गेल्या. "मामांच्या वेळीही इतकी सफाई नव्हती," त्या म्हणाल्या, आणि भाचीला ते ऐकून बरं वाटलं. बरं वाटल्याची लाज नंतर वाटली.

ती मामांकडे गेली. मामा खिडकीशी खुर्चीत बसले होते, खडू समोर कपात उभा ठेवलेला.

"दिवसभर असेच बसून असतात," मामी चहा ठेवताना म्हणाली. "बाहेर पाऊल टाकत नाहीत, काही वाचत नाहीत. आणि बोटं बघ यांची. किती वेळा धुवायला लावली, पुन्हा पांढरी ती पांढरीच."

"छत कसं आहे?" मामांनी विचारलं.

"चांगलं चाललंय."

"चालणारच," मामा म्हणाले आणि त्यांनी बोटं मिटून घेतली. कपातला खडू मामांनी घरी नेला होता त्यापेक्षा आखूड झाला होता. भाचीने अर्धा चहा तसाच टाकला.

पुढे पुढे ठिपके कमी झाले, कारण चुकाच कमी झाल्या. शेवटी एकच उरला. मुलीच्या गालावरचा. तो रोज सकाळी असे. त्या डोळ्याची जागा तिने रेघांनी भरली होती, जितकी नीट भरता येईल तितकी. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. ती ठिपका पुसे. तो परत येई. कधी कधी तिला वाटे की दुसऱ्या डोळ्याने ती मुलगी आता रांगेकडे बघत नाही, थोडी बाजूला, परांचीवर कोण आहे तिकडे बघते. उंचीवर मान वाकडी करून काम केलं की असं होतं, असं तिने ठरवलं.

काय दुरुस्त करायचं ते तिला ठाऊक होतं. ते छतावर नव्हतं.

एक दिवस तपासनीस बाईंनी तिला खाली बोलावलं, त्याच खिडकीपाशी. "पाटी कोरायला द्यायची आहे," त्या म्हणाल्या. "खरं तर मामांचं नाव वर हवं होतं. पण तो डोळा... नियमात बसत नाही. तुमचं एकटीचं घालते. पुढच्या इमारतीचं कामही तुम्हीच बघा. काही सांगायचंय तुम्हाला?"

"विचार करून सांगते," भाची म्हणाली.

"उद्यापर्यंत सांगा. मग कोरणारा हात लावेल."

ती तडक मामांकडे गेली. डबी पिशवीत होती. डबी समोर ठेवायची, उघडायची, बोळा दाखवायचा. बोलायची वेळच येणार नाही, मामा बघतील आणि कळेल त्यांना. मग उद्या बाईंना सांगायचं. वाटेत तिने वाक्यं जुळवली, मोडली, पुन्हा जुळवली. मामी बाजारात गेली होती. मामा खुर्चीत होते, पूर्वीपेक्षा लहान दिसत होते. कपातला खडू नखाएवढा उरला होता.

तिने डबी टेबलावर ठेवली.

मामांनी डबीकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे. इतक्या आशेने त्यांनी तिच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. "काय आणलंस?" त्यांनी विचारलं.

ओठ उघडले होते. सगळं जिभेवर होतं. आणि तिला ती पितळी पाटी दिसली, पिवळीधमक, एकाच नावाची.

"ब्रश," ती म्हणाली. "जुने झालेत. टाकायला काढलेत."

मामांनी मान हलवली. ते खिडकीकडे वळले. मग म्हणाले, "टाक मग," आणि डोळे मिटले.

चारसहा दिवसांनी, दुपारी, त्याच खुर्चीत मामा गेले. मामीने हात पुसून दिले तेव्हा बोटं पहिल्यांदाच स्वच्छ निघाली. कप रिकामा होता.

भाची खूप रडली, आणि रडताना मनाच्या एका कोपऱ्यात तिला सुटल्यासारखं वाटलं. ते वाटलं म्हणून ती आणखी रडली. आता ठिपका येणार नाही, एवढं तरी खरं.

कामावर परतल्या दिवशी ती शिडी चढली, गुडघ्यांवर बसली आणि वर पाहिलं.

ठिपका होता.

तिने पुसला नाही. परांची उतरवायच्या दिवसापर्यंत तिने त्याला हात लावला नाही.

उद्घाटनाला दालन गच्च भरलं. पडदे गेले होते, परांची गेली होती, एवढ्या उंचीवर आता कुणाचाही हात पोचणार नव्हता. दाराशी तिच्या एकटीच्या नावाची पाटी चकाकत होती. मामी पुढच्या रांगेत बसली होती, नीटनेटकी, मांडीवर पर्स. भाचीने बाजूला जाऊन दुर्बीण डोळ्याला लावली. आकाश, वेल, म्हातारा, सैनिक, लेकुरवाळी. मग मुलगी.

गाल स्वच्छ होता.

तिने पुन्हा पाहिलं. ठिपका नव्हता. तिच्या छातीवरचं ओझं असं उतरलं की तिला हसू आलं.

पोस्टमास्तरांनी तिला बोलायला उभं केलं. "आमची भाची," ते म्हणाले आणि लोक प्रेमाने हसले. कुणीतरी विचारलं, हे काम शिकलात कुणाकडे?

"माझ्या मामांकडे," ती म्हणाली. तिचा आवाज वर चढत गेला, वळणावर फिरला आणि छतापाशी थांबल्यासारखा झाला. सगळे वाट बघत होते. आता सांगता आलं असतं. आता कुणाचं काही बिघडणार नव्हतं, तिच्याशिवाय. "शेवटी शेवटी नजर साथ देत नव्हती त्यांना," ती म्हणाली. "पण शिकवलं सगळं त्यांनीच."

टाळ्या पडल्या.

ती खाली येऊन मामीशेजारी बसली. मामीने तिचा हात हातात घेतला, थोपटला, आणि मग तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"ओठापाशी काहीतरी लागलंय गं तुझ्या."

"काय?"

"पांढरं काहीतरी. थांब."

मामीने पर्समधून रुमाल काढला, टोक ओलं केलं आणि पुसलं. रुमालावर खडूची भुकटी आली. मामी भुकटीकडे बघत राहिली. मग पुन्हा तिच्या ओठाकडे.

तिने दुसऱ्यांदा पुसलं नाही. रुमालाची सावकाश घडी घातली आणि पर्समध्ये ठेवून दिली.

"अजून आहे का?" भाचीने विचारलं.

"आहे," मामी म्हणाली. तिने आपला हात सोडवून घेतला. "तो मी नाही पुसायचा."